कमानीच्या डोक्यावरची टाकी

कमानीला तडा गेल्याचं कळलं तेव्हा फूटपट्टी दाढी करत होता, आणि आनंदाच्या भरात त्याने हनुवटी कापून घेतली.

फोन नगरपालिकेच्या इंजिनिअरचा होता. "सर, लायब्ररीच्या वाचनाच्या हॉलमधली मोठी कमान आहे ना, तिला मधोमध तडा गेलाय. तुम्ही बघून रिपोर्ट द्याल का?" फूटपट्टीने आवाज मुद्दाम जड केला. "बघतो. वेळ काढावा लागेल," असं म्हणून फोन ठेवला आणि आरशात बघून हसला. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ बनियनपर्यंत गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

बायको टॉवेल घेऊन धावत आली. "अहो, कापलंय की केवढं! आणि हसताय काय?"

"तडा गेला."

"कशाला?"

"कमान्याच्या कमानीला. मी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं!"

बायकोने टॉवेल त्याच्या हातात कोंबला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि त्यातलं एकही कमान्याच्या नावावाचून सुनं गेलं नव्हतं. "बरं झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. "आता तरी त्या माणसाला आपल्या घरातून रजा द्या."

आता हा कमान्या कोण आणि त्याच्या कमानीला तडा गेला तर फूटपट्टीला एवढ्या उकळ्या का फुटाव्यात, हे सांगायलाच हवं. दोघंही आर्किटेक्ट. दोघंही याच गावचे, एकाच वर्गात शिकलेले. फूटपट्टीच्या खिशात कायम स्टीलची छोटी पट्टी असायची. कुठे चहा प्यायला गेला तर आधी टेबलाची उंची मोजायचा आणि मग खुर्चीवर बसायचा. म्हणून तो फूटपट्टी, किंवा लाडात नुसता पट्टी. दुसरा कमान्या, कारण सरांनी सायकल ठेवायची शेड काढायला सांगितली तरी हा पठ्ठ्या तिला कमान काढायचा. पुढे गावात परत येऊन दोघांनी टायरच्या दुकानावर एक खोली घेतली, एक मोठं टेबल घेतलं आणि समोरासमोर बसून काम सुरू केलं. कमान्याने चित्र काढायचं आणि फूटपट्टीने ते उभं राहील की नाही ते बघायचं, असं दोन वर्षं गुण्यागोविंदाने चाललं होतं.

मग लायब्ररीचं काम आलं. दोघांनी वेगवेगळे आराखडे काढायचे, समितीला आवडेल तो ऑफिसचा म्हणून पुढे न्यायचा, असं ठरलं. फूटपट्टीने चार खांब, वर सपाट स्लॅब आणि कुठेही बोट ठेवायला जागा नाही असा चोख हॉल काढला. कमान्याने काढली एक कमान. नुसती एक! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, उघड्या विटांची, खाली सगळी वाचायची टेबलं आणि दोन्ही बाजूंनी आत येणारा उजेड. समितीतल्या लोकांनी फूटपट्टीचा आराखडा बघून "छान आहे, व्यवस्थित आहे" म्हटलं. कमान्याचा बघून कोणी काहीच म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "इथे बसून वाचावंसं वाटेल हो."

संपलं. त्या एका वाक्याने फूटपट्टीच्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलं नव्हतं. स्वतःचा आराखडा वाईट असता तर त्याला एवढं लागलं नसतं. तो चांगला होता आणि तरी कोणाला तिथे बसून वाचावंसं वाटलं नाही, हे त्याच्या जिव्हारी लागलं. घरी न जाता तो ऑफिसात गेला, कमान्याच्या नकाशावर समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, "कमान पातळ आहे. तडा जाईल." आणि महिन्याभरात आपली खुर्ची उचलून रस्त्यापलीकडच्या खोलीत स्वतंत्र ऑफिस थाटलं. पलीकडेच, कारण लांब गेला असता तर कमान्याकडे कोण येतंय, कोण जातंय हे कसं दिसलं असतं?

आणि दिसायचं ते बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कमान्याला नाट्यगृह मिळालं. कमान्याला मुलींची शाळा मिळाली. कमान्याला शहरात बोलावून शाल दिली, वर्तमानपत्रात फोटो आला. फूटपट्टी प्रत्येक बातमी कात्रीने नीट कापायचा आणि एका फायलीत ठेवायचा. फायलीवर लिहिलं होतं, "इतर". नाट्यगृहाचं छप्पर पहिल्याच वर्षी गळलं आणि नाटकातल्या राजाला छत्री धरून सिंहासनावर बसावं लागलं, तेव्हा फूटपट्टी आठवडाभर शीळ वाजवत हिंडत होता.

त्याचं स्वतःचं एकही छप्पर कधी गळलं नाही. गोदामं, दवाखान्याची मागची बाजू, कर्मचाऱ्यांची घरं, कंपाउंडच्या भिंती आणि सार्वजनिक शौचालयं अशी चाळीस वर्षांची त्याची कमाई. सगळं काटकोनात, सगळं कोरडं. पण न गळणाऱ्या छपराखाली उभं राहून वर बघतो कोण? गावातली नवी जोडपी फोटो काढायला लायब्ररीच्या पायऱ्यांवर जायची. त्याच्या स्वतःच्या मुलीनेही लग्नातले फोटो तिथेच काढले. तो फुगून बसला तेव्हा ती म्हणाली होती, "मग काय तुमच्या गोदामासमोर काढू का, बाबा?"

लायब्ररीत त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. पुस्तकांचा मात्र त्याला भारी नाद. म्हणून बायको दर शनिवारी जाऊन त्याच्यासाठी दोन पुस्तकं आणायची, आणि तो ती वाचायचा. त्या इमारतीशी त्याचा संबंध आला तो एकदाच, बारा वर्षांपूर्वी, तिच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवायची होती तेव्हा. कमान्याने "माझ्या गच्चीवर टाकी नको, मागच्या अंगणात बांधा" म्हणून साफ नकार दिला होता. मग नगरपालिकेने फूटपट्टीला विचारलं आणि त्याने आठ दिवसांत नकाशा काढून दिला. चौकोनी, काँक्रीटची, दहा हजार लिटरची टाकी, गच्चीच्या मधोमध. चौकातून येताना आधी टाकी दिसायची आणि मग लायब्ररी. तिथून जाताना फूटपट्टीच्या जिवाला जरा गार वाटायचं.

तर असा हा माणूस सोमवारी सकाळी नऊ वाजता लायब्ररीच्या दारात उभा राहिला. सोबत इंजिनिअर होता. तो म्हणाला, "सर, स्पष्टच सांगतो. तडा हलतोय असं तुम्ही लिहिलंत की इमारत धोकादायक ठरते. पाडायचा ठराव तयारच आहे, त्या जागी दुकानांचं संकुल येतंय. सही तुमची हवी, कारण मोजमापात तुमच्यावर कोणी शंका घेणार नाही."

म्हणजे चाळीस वर्षांनी सगळं याच्या सहीवर आलं होतं. फूटपट्टीने गंभीरपणे मान हलवली, पण आतून तो नाचत होता.

आत शिरल्यावर मात्र पाच मिनिटं त्याला काही सुचलं नाही. कमान चित्रापेक्षा चांगली होती. टेबलांवर उजेड पडला होता, माणसं वाचत होती आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पानं उलटल्याचा आवाज येत होता. "मेल्याने केलंय खरं," तो मनात म्हणाला आणि लगेच स्वतःवरच चिडला. लायब्ररीच्या बाई काउंटरमागून म्हणाल्या, "हळू बोला." तो बोललाच नव्हता, पण कदाचित ओठ हलले असतील.

शिडी लावून तो वर चढला. तडा कमानीच्या बरोबर मध्यावर होता, खालच्या बाजूला, नखाच्या जाडीचा. मग त्याने सवयीने विटांचे थर मोजले. नकाशात तीन थर होते हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. इथे चार होते. वहीत त्याने लिहिलं, "काम नकाशाप्रमाणे नाही," आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. गवंड्यावर नजर ठेवायलाही कमान्याला फुरसत नव्हती तर!

तडा जुना आणि मेलेला आहे की अजून हलतोय, हे कळायला एक साधी युक्ती असते. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा लावून पक्की करायची आणि वर तारीख लिहायची. तडा तिळभर जरी उघडला तरी काच तुटते. नाही उघडला तर तशीच राहते. फूटपट्टीने अशा तीन पट्ट्या लावल्या आणि बाईंना सांगितलं, "कोणी हात लावायचा नाही."

"एवढ्या उंचीवर कोण हात लावणार?" बाई म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी तिन्ही काचा शाबूत. त्याच्या पुढच्या सोमवारीही. तिसऱ्या सोमवारी तो शिडीवर चढला तेव्हा काचांवर धूळ बसली होती, आणि त्या तुटायचं नाव घेत नव्हत्या. फूटपट्टीला रडू यायचं बाकी राहिलं. चाळीस वर्षं वाट बघून तडा गेला, आणि तोही नुसता नावापुरता? खिशातली पट्टी कधी हातात आली त्याला कळलं नाही. एक टिचकी. फक्त एक टिचकी मारली की काच तुटणार, ठराव होणार, कमान खाली येणार आणि चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेलं खरं ठरणार. पट्टीचं टोक काचेपासून दोन बोटांवर होतं.

"काही हवंय का?" खालून बाईंनी विचारलं.

"नाही. धूळ झटकतोय," तो म्हणाला आणि खाली उतरला. हेवा त्याने आयुष्यभर केला होता, पण मोजमापात लबाडी कधी केली नव्हती. आपण किती जवळ गेलो होतो हे आठवून त्याला दिवसभर जेवण गेलं नाही.

आणि चौथ्या सोमवारी तिन्ही काचा तुटल्या होत्या!

त्याने पुन्हा पुन्हा बघितलं. त्याने हात लावलेला नव्हता, कोणीच लावलेला नव्हता, काच आपली आपण तुटली होती. मधल्या पट्टीचे तुकडे त्याने पाकिटात घातले आणि घरी न जाता थेट कमान्याचं घर गाठलं. बारा वर्षांत दोघांचं बोलणं नव्हतं. पण ही बातमी कमान्याला दुसऱ्या कोणी सांगितली असती तर फूटपट्टीच्या जन्माचं मातेरं झालं असतं.

दार कमान्याच्या बायकोने उघडलं. "अगंबाई, भावजी! या ना. अहो, बघा तरी कोण आलंय!"

कमान्या खिडकीशी बसला होता, गुडघ्यांवर शाल. उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. वहिनींनी चहा आणला तो कमान्याला कपात, पण नळी लावून. फूटपट्टीला हे ठाऊक नव्हतं. क्षणभर त्याला परत फिरावंसं वाटलं, पण तुकडे हातात होते.

"पट्ट्या, तू?" कमान्या म्हणाला. "आज सूर्य कुठे उगवला?"

फूटपट्टीने पाकीट टेबलावर उपडं केलं. "ही तुझी कमान. तडा हलतोय. मी सांगितलं होतं."

डाव्या हाताने एक एक तुकडा जुळवत कमान्याने पुन्हा पट्टी केली आणि वरची तारीख वाचली. "तीन आठवडे टिकली होती?"

"टिकली होती."

"आणि या आठवड्यात तुटली." तो थांबला. "टाकी भरलेली होती का रे तेव्हा?"

झालं! फूटपट्टी ताडकन उठला. "आलास? आलास टाकीवर? आपलं झाकायचं आणि दुसऱ्याचं उघडं करायचं! चाळीस वर्षं तेच केलंस तू!" वहिनी बिस्किटांची बशी हातात घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. तो त्यांच्या बाजूने तरातरा जिना उतरला.

रागात होता तरी खालच्या पायरीवर येईपर्यंत तो प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला होता. न मोजलेली गोष्ट त्याला सोडता येत नसे, आणि हीच त्याची गोची होती. तो लायब्ररीत गेला आणि बाईंना विचारलं.

"टाकी? अहो, रिकामीच होती महिनाभर," बाई म्हणाल्या. "पंप जळला होता ना. बादल्यांनी पाणी आणून आणून हात मोडले आमचे. शुक्रवारी दुपारी नवा पंप बसला, तेव्हा भरली. तेवढ्यात वर टक् करून वाजलं. मला वाटलं बल्ब गेला."

फूटपट्टीने टाकी रिकामी करायला लावली, नवीन काचा लावल्या आणि आठ दिवस थांबला. काचा शाबूत. मग नवव्या दिवशी, लायब्ररीला सुट्टी होती तेव्हा, त्याने बाईंना पंप चालू करायला सांगितलं आणि स्वतः शिडीवर चढून काचेशी नाक नेऊन बसला. वर पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. पाऊण तास काही झालं नाही. त्याला आशा वाटायला लागली. कसली आशा, हे त्यालाच सांगता आलं नसतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत काच टक् करून तुटली.

"हाच तो आवाज," बाई खालून म्हणाल्या.

ऑफिसात जाऊन त्याने टाकीचा नकाशा कपाटातून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. खोडरबराने खोडलं तरी पेन्सिलीची खाच कागदावर राहते. मागच्या कोपऱ्यात, दोन जाड भिंती मिळतात तिथे, टाकीचा चौकोन आधी काढलेला होता. तिथे ठेवली असती तर सगळं वजन सरळ भिंतीतून जमिनीत गेलं असतं. ती जागा त्यानेच शोधली होती, आणि ती बरोबर होती. मग त्या दिवशी तो चौकात जाऊन उभा राहिला होता आणि त्याच्या लक्षात आलं होतं, की कोपऱ्यातली टाकी झाडामागे दडते. कोणाला दिसणारच नाही. परत येऊन त्याने चौकोन खोडला आणि मधोमध काढला. नगरपालिकेला सांगितलं, पाइप टाकायला सोपं पडेल.

आणि कमान्या आला होता. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या ऑफिसचा जिना चढून, धापा टाकत. "टाकी ठेवायचीच असेल तर ठेव बाबा, पण कोपऱ्यात भिंतीवर ठेव. कमानीच्या डोक्यावर नको," म्हणाला होता. फूटपट्टीने त्याला बसही म्हटलं नव्हतं. "आकडेमोड तू मला शिकवू नकोस," एवढंच म्हणाला होता.

त्या वेळी त्याने आकडेमोड केलीच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. ती आता करायला बसला. वरून दहा टन पाणी, टाकीचं वजन वेगळं, खाली तीन थरांची कमान. उत्तर आलं ते बघून त्याने कागद टाकून दिला आणि पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदा मांडलं तरी उत्तर तेच. तीन थरांची कमान पहिल्यांदा टाकी भरली त्याच दिवशी खाली यायला हवी होती. टेबलांवर, वाचणाऱ्यांवर, बाईंवर. बारा वर्षं दर शनिवारी त्याची बायको त्याच कमानीखाली उभी राहून त्याच्यासाठी पुस्तकं निवडत होती.

सगळ्यांना वाचवलं होतं ते चौथ्या थराने. गवंड्याच्या चुकीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा कमान्याकडे गेला. या खेपेला वहिनी जरा जपूनच बाजूला झाल्या. फूटपट्टीने बसायच्या आधीच विचारलं, "तुझ्या कमानीला चार थर कसे?"

"टाकी भरलेली होती तर," कमान्या म्हणाला.

"आधी थरांचं सांग."

कमान्याने बायकोला कपाटावरची तिसरी गुंडाळी काढायला सांगितली. तिने ती टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. लायब्ररीचा जुना नकाशा. समासात लाल पेन्सिल फिकी झाली होती, पण वाचता येत होती. "कमान पातळ आहे. तडा जाईल." आणि त्याखाली कमान्याच्या त्या वेळच्या सुंदर, न थरथरणाऱ्या अक्षरात, "पट्टीचं बरोबर आहे. एक थर वाढवा."

फूटपट्टीने ते दोनदा वाचलं. "मला सांगितलं का नाहीस?"

"खुर्ची घेऊन गेलास ना तू. आणि सांगितलं असतं तर म्हणाला असतास, दोन वाढवायला हवे होते."

वहिनी हसल्या. फूटपट्टीला हसू आलं नाही. त्याला वाटलं होतं की हे वाचून आपल्याला बरं वाटेल. कसलं बरं! त्याच्या पोटात पुन्हा तसंच दुखायला लागलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या दिवसासारखं, किंबहुना जास्तच. कमान याला सुचते, इथपर्यंत त्याने कसंबसं गिळलं होतं. पण रागाने, जळून, नुसतं टोचायला म्हणून लिहिलेली ओळ या माणसाने शांतपणे वाचली, तपासली आणि मानली. आणि फूटपट्टी स्वतः? कमान्याने समोर येऊन, धापा टाकत सांगितलं, तर त्याला बसही म्हणाला नव्हता. हे मानणंही कमान्यालाच जमावं! देवाने काही म्हणून याच्या वाट्याचं कमी केलं नव्हतं.

"रिपोर्टात काय लिहिणार आहेस?" कमान्याने विचारलं.

"बघतो," फूटपट्टी म्हणाला आणि निघाला.

बघायला वाव होता, हे त्याला ठाऊक होतं. दोन वाजता तो इंजिनिअरच्या टेबलासमोर बसला. इंजिनिअरने त्याचं सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि उठून दार लावलं. "सर, असं कोणी स्वतःविरुद्ध लिहितं का? 'बांधकाम जुनं, तडा हलता' एवढंच लिहा. खोटं काय आहे त्यात? काच तुटली हे खरंच आहे. इमारत जाईल, टाकी जाईल, तुमचा नकाशाही जाईल. चाळीस वर्षांत तुमच्या कामावर डाग नाही, तो आता कशाला लावून घेता?"

फूटपट्टीने खिशातली पट्टी काढून टेबलाच्या कडेला लावली. डाग नाही हे खरंच होतं. कमान्याकडे कमान होती, शाळा होती, शाल होती. त्याच्याकडे एवढी एकच गोष्ट होती, की त्याने काढलेल्या कशालाही कधी काही झालं नाही. ती गेली की मागे गोदामंच उरत होती. आणि कमान्या काही कोणाला सांगायला जाणार नव्हता, तो तसला माणूसच नव्हता. त्याच्या या चांगुलपणाचाही फूटपट्टीला त्या क्षणी विलक्षण राग आला.

त्याने कागद पुढे ओढला आणि आपल्या चोख, काटकोनी अक्षरात लिहिलं. कमान सुस्थितीत आहे. तड्याचं कारण गच्चीवरची टाकी. टाकीची जागा चुकीची, हे कमानीच्या मूळ आर्किटेक्टने आधीच सांगितलं होतं आणि ते ऐकलं गेलं नाही. टाकी ताबडतोब रिकामी करून काढावी. टाकीचा नकाशा खाली सही करणाऱ्याचा. मग त्याने सही केली.

"सर, विचार करा अजून," इंजिनिअर म्हणाला.

"मोजलंय ते लिहिलंय," फूटपट्टी म्हणाला. "त्यात विचार काय करायचा?"

महिन्याभरात टाकी फोडून काढली. तडा भरला. वर्तमानपत्रात कमानीचा मोठा फोटो आला, त्याखाली कमान्याचं नाव आणि त्याच्या कौतुकाच्या चार ओळी. फूटपट्टीचं नाव शेवटच्या ओळीत होतं, चुकीच्या जागी टाकी ठेवणारा म्हणून. वर्तमानपत्रात त्याचं नाव आलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. त्याने कात्री आणून बातमी नीट कापली आणि "इतर" फायलीत लावली. बायकोने कात्री उचलून जागेवर ठेवली.

शनिवारी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा तो चपला घालून दारात उभा होता. "अगंबाई, तुम्ही?" ती म्हणाली. "चला. पण तिथे बोलू देत नाहीत हं."

ती पुस्तकं बघायला गेली आणि तो कमानीखालच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसला. एक पान झालं, दोन झाली. इथे बसून वाचावंसं वाटत होतं, ते म्हातारे गृहस्थ बरोबर बोलले होते. मग त्याने वर बघितलं. विटांचे चार थर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले होते. सगळ्यात वरचा, चौथा, त्याच्या सांगण्यावरून घातलेला होता. तेवढा त्याचा. त्याने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघून घेतला. आणि मग खालच्या तीन थरांकडे बघत, पुस्तक मांडीवर तसंच ठेवून, तो लायब्ररी बंद व्हायची घंटा होईपर्यंत जळत बसला.